थंडींत हवामानयंत्र कां चुकतें?

पुण्यास शिवाजीनगरांत हवामानखात्याची जी जुनी इमारत आहे तिला आमच्या लहानपणीं सर्वजण ‘सिमला ऑफिस’ म्हणत, आणि तेथील चौकाचें तें नांव अद्यापहि चालू आहे. खात्याचें मुख्य ठाणें १९२८ सालीं सिमल्याहून पुण्यास आलें, त्याची ही खूण. शाळेंत असतांना मी दरवर्षीं आठवीचा वर्ग घेऊन तेथें जात असें आणि चार फूट उंचीवर उभी केलेली ती पांढरी झडपांची पेटी दाखवून मुलांस सांगत असें कीं, तापमापकास ऊन लागूं द्यावयाचें नाहीं, वारा मात्र लागूं द्यावयाचा. एवढें साधलें म्हणजे आंकडा खरा. गोष्ट इतकी सोपी नाहीं, हें मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं, कॅनडांतील विनिपेग शहरीं, मुलाच्या स्वयंपाकघरांत टांगलेल्या एका लहानशा फलकानें शिकविलें.

विनिपेग येथें जानेवारी महिन्याचें सरासरी किमान तपमान उणे २१ अंशांच्या आसपास असतें, आणि थंडीची लाट आली म्हणजे पारा उणे ३० च्या खालीं जातो. पारा हा शब्द मीं संवयीनें लिहिला. वस्तुतः उणे ३९ अंशांजवळ पारा स्वतःच गोठतो, म्हणून अशा प्रदेशांत साधा तापमापक मद्यार्काचा असतो. अशा ठिकाणीं बाहेर किती थंडी आहे ही चौकशी गप्पांसाठीं नसते. मुलानें कोणता कोट घालावा, मोटार सुरू होईल कीं नाहीं, आजोबांनीं फिरावयास जावें कीं न जावें, हें सारें त्या आंकड्यावर ठरतें. म्हणून माझ्या मुलानें घरामागील अंगणांत सुमारें दीड मीटर उंचीच्या खांबावर एक घरगुती हवामानयंत्र बसविलें आहे. त्यांत तपमान व आर्द्रता मोजणारा संवेदक, म्हणजे ज्याला मुलें सेन्सर म्हणतात तो, एकावर एक ठेवलेल्या पांढऱ्या ताटल्यांच्या आंत असतो. वर वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या तीन वाट्या व दिशा दाखविणारें पातें. बाजूस पावसाचें नरसाळें. हें सर्व दोन सेलांवर व एका इवल्याशा सूर्यपट्टीवर चालतें, व मोजलेले आंकडे बिनतारी लहरींनीं घरांतल्या फलकाकडे धाडलें जातात. वायुभारमापक तेवढा फलकांतच, घराच्या ऊबेंत बसलेला असतो. यामुळें संबंध हिंवाळाभर सरळ वागलेला असा तो एकटाच.

पहिला बिघाड डिसेंबरांत झाला. पहांटे चार-साडेचार वाजल्यापासून फलकावर आंकड्यांच्या जागीं नुसत्या आडव्या रेघा दिसूं लागत, आणि दुपारीं बाराच्या सुमारास सर्व आंकडे आपोआप परत येत. मुलानें एके दिवशीं सेल काढून घरांत आणले, टेबलावर व्होल्टमापकानें तपासले, तों ते पूर्ण भरलेले! त्यानें ते पुन्हां घातले, आणि दुसऱ्या पहांटे पुन्हां रेघा. चार दिवस हा खेळ चालला. याचें कारण असें कीं, साध्या अल्कली सेलांतील विद्युद्वाहक द्रव पाण्याचा बनलेला असतो. उणे १८-२० अंशांच्या खालीं त्यांतील क्रिया मंद पडते व सेलाचा अंतर्गत विरोध वाढतो. टेबलावर, घराच्या ऊबेंत आणि कामाचा भार नसतांना, तोच सेल तरतरीत दिसतो. पण कडाक्याच्या थंडींत लहरी सोडण्यासाठीं क्षणभर जास्त प्रवाह मागितला कीं त्याचा दाब एकदम खचतो. आमच्यासारख्या वृद्धांच्या गुडघ्यांची परीक्षा बैठकीवर बसवून करण्यासारखेंच हें होय! त्यांतच डिसेंबरअखेर तेथें दिवस जेमतेम आठ तासांचा, आणि सूर्यपट्टीवर बर्फाचा थर. तेव्हां सगळा भार सेलांवरच. जो दोष ऐन थंडीच्या तासाला येतो व ऊन वर आल्यावर जातो, तो संवेदकाचा नसून बहुधा सेलाचा असतो, एवढें ध्यानांत ठेवल्यास पुष्कळ खटपट वांचते.

उपाय सोपा आहे. त्याच आकाराचे, १.५ व्होल्टचे, एकदांच वापरावयाचे लिथियम सेल मिळतात; ते उणे ४० पर्यंत काम देतात. मात्र त्याच ठेवणीचे, पुन्हां भरतां येणारे लिथियम सेल ३.७ व्होल्टचेहि बाजारांत असतात; ते चुकून घातल्यास यंत्र जळावयाचें. खरेदी करतांना आकार न पाहतां वरील आंकडा वाचावा. दुसरें असें कीं, गोठलेलें यंत्र घरांत आणून लगेच उघडूं नये. थंड वस्तूवर घरांतील बाष्पाचें तत्काळ दंव धरतें, व तें आंतल्या मंडलावर बसलें म्हणजे सेल बदलतां बदलतां नवा बिघाड पदरीं येतो. बाहेरच त्यास प्लास्टिकच्या पिशवींत घालून तोंड घट्ट बांधावें, घरांत दोन-तीन तास तसेंच ठेवावें, आणि मग उघडावें.

दुसरा प्रसंग माझ्या विद्वत्तेचा होता. एके सकाळीं झाडें हिमकणांनीं अशीं मढलीं होतीं कीं, पाहत राहावें. तपमान उणे २०, आणि फलकावर आर्द्रता ८२ टक्के. हवा बाष्पानें संपृक्त झाल्याशिवाय हिमकण धरत नाहींत, व संपृक्त हवेची आर्द्रता १०० टक्के, असें मीं तीस वर्षें फळ्यावर लिहिलें असल्यामुळें मीं मुलास ठासून सांगितलें कीं, हा संवेदक निकामी झाला. आणि तो बिचारा नवा मागविण्याच्या बेतांत होता. पुढें वाचतां असें कळलें कीं, शून्याखालींहि आर्द्रतेचा शेंकडा द्रवरूप पाण्याच्या मानानेंच काढण्याचा हवामानशास्त्रज्ञांचा संकेत आहे. बर्फांतील कण एकमेकांस अधिक घट्ट धरून असल्यामुळें बर्फाच्या सान्निध्यांत हवा कमी बाष्पानेंच संपृक्त होते. पाण्याच्या मानानें पाहतां ही संपृक्तता उणे १० अंशांस सुमारें ९१ टक्के, उणे २० स ८२ आणि उणे ३० स ७५ टक्के भरते. म्हणजे यंत्रानें जो आंकडा दाखविला तो अगदीं चोख होता, आणि चूक होती ती मास्तरांची. याच्या उलट, ओलें बर्फ ताटल्यांच्या फटींत जाऊन बसलें तर आर्द्रता दिवसचे दिवस ९९ वर चिकटून राहते, बाहेरची हवा कितीहि कोरडी झाली तरी. तो मात्र खरा दोष. मऊ कुंचल्यानें फटी मोकळ्या कराव्या व संवेदक वाळूं द्यावा.

तपमानाच्या चुका याहून लबाड असतात. पांढऱ्या झडपांची पेटी ज्यानें योजली तो टॉमस स्टीव्हन्सन हा दीपगृहें बांधणारा स्कॉटिश इंजिनियर, व ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचा पिता. घरगुती यंत्रांतील ताटल्या ही त्या पेटीचीच धाकटी पाती. तिची रचना मुख्यतः वरून येणारें ऊन अडविण्याची. पण ताजें बर्फ आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकीं ८० ते ९० टक्के परत फेंकतें. वारा पडलेला असला कीं हें खालून येणारें ऊन ताटल्यांत शिरतें, आणि निरभ्र दुपारीं यंत्र खऱ्यापेक्षां कांहीं अंश अधिक ऊब दाखवितें. रात्रीं किंवा वारा सुटल्यावर ही चूक नाहींशी होते. संवेदकच बिघडला असता तर ती रात्रंदिवस राहिली असती. ज्यास दुपारचाहि आंकडा नेमका हवा त्यानें लहानसा पंखा बसविलेल्या ताटल्या घ्याव्या. आम्हीं घेतल्या नाहींत. ओलें बर्फ आंत अडकून वितळूं लागलें असतां दुसरीच गंमत होते: शेजारच्या घरीं ३ अंश झाले तरी आपला आंकडा शून्यावर हटून बसतो, कारण आलेली उष्णता वितळण्यांत खर्च होत असते.

आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानांत उशिरां आली. खांब दीड मीटरचा खरा, परंतु खालीं अर्धा मीटर बर्फ सांचल्यावर तो एक मीटरचाच उरला! निरभ्र व निर्वात रात्रीं बर्फाचा पृष्ठभाग आपली उष्णता आकाशाकडे टाकून वरच्या हवेपेक्षां पुष्कळ थंड होतो. संवेदक जितका त्याच्या जवळ, तितका आंकडा खालचा. हें आपल्याकडील वाचकांस परकें वाटावयास नको. महाबळेश्वरीं वेण्णा तलावाच्या कांठीं गवतावर व गाड्यांच्या टपांवर हिमकण जमल्याचें वर्तमान बहुतेक दरवर्षीं वृत्तपत्रांत येतें, आणि त्याच दिवशीं गांवांतील तापमापक शून्याच्या कितीतरी वर असतो. मग कोणी म्हणतो बातमी खोटी, कोणी म्हणतो सरकारी तापमापक खोटा. दोन्ही खरीं असतात. जड झालेली थंड हवा सखल जागीं उतरून सांचते, गवताचें पान चार फुटांवरील हवेहून थंड होतें, व तापमापक हा आपल्या जागेपुरतेंच बोलत असतो.

आतां ज्या प्रसंगासाठीं हा लेख लिहावयास घेतला तो सांगतों. जानेवारींत दोन दिवस तेथें गोठतें धुकें पडलें. या धुक्याचे थेंब शून्याखालीं असूनहि द्रवरूप असतात व ज्याला लागतील त्यावर तत्क्षणीं बर्फ होऊन चिकटतात. तिसऱ्या दिवशीं आकाश स्वच्छ झालें व उत्तरेकडून कडक थंडी उतरली. सकाळीं फलकावर तपमान उणे २५, वारा शून्य, आणि अंगास जाणवणारी थंडीहि उणे २५ असें होतें. वारा नाहीं हें पाहून सूनबाईंनीं नऊ वर्षांच्या नातीस कानटोपीऐवजीं तिची आवडती विणलेली पट्टी बांधून जाऊं दिलें. कोपऱ्यावर शाळेच्या गाडीची वाट पाहत ती पंधरा-वीस मिनिटें उभी राहिली. त्या दिवशीं गाडीस उशीर झाला. एका तासानें शाळेंतून दूरध्वनि आला. मुलगी आमच्याशीं बोलली ती एवढेंच: “आजोबा, माझा कान लाकडाचा झालाय.”

कानाची पाळी पांढरी पडून बधिर झाली होती. शाळेंतील परिचारिकेनें ती चोळली नाहीं. चोळणें व बर्फ लावणें हे दोन्ही जुने उपाय अपायकारक आहेत. तिनें ती आपल्या उबदार तळव्यांत धरून ठेविली, आणि तास-दीड तासांत रंग परत आला. हिमदंश वरवरचाच होता. आठवडाभर पाळीची सालपटें निघालीं व कान पूर्ववत् झाला.

वारा त्या वेळीं ताशीं ३० किलोमीटरच्या घरांत होता, हें विमानतळावरील सरकारी वेधशाळेच्या नोंदीवरून मागाहून समजलें. जाणवणाऱ्या थंडीचें जें सूत्र कॅनडा व अमेरिका या देशांनीं २००१ सालीं स्वीकारलें त्यानें उणे २५ तपमान आणि ३० किलोमीटर वारा यांची थंडी उणे ३९ येते. उणे २८ ते उणे ३९ या टप्प्यांत उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठूं शकते, अशी तेथील हवामानखात्याची सूचना आहे. आमच्या फलकावर मात्र चौदा अंश कमी थंडी, कारण वाट्यांच्या खालच्या सांध्यांत धुक्याचा बर्फ बसून त्या जाम झाल्या होत्या. यंत्राचा यांत दोष असा कांहींच नव्हता. वाटी किती वेळां फिरली हें त्यानें मोजलें. ती एकदांहि फिरली नाहीं. म्हणून त्यानें शून्य लिहिलें.

दोष कोणाचा, हें मी जाणून आहें. त्या सकाळीं चहा घेत मी खिडकींत बसलों होतों. समोरच्या घरावरील ध्वज फळीसारखा ताठ झाला होता व धुराड्यांतील धूर आडवा चालला होता, हें मीं डोळ्यांनीं पाहिलें. आणि भिंतीवर शून्य पाहून मनांत म्हणालों कीं, वरच्या बाजूस कांहींसा वारा असावा. दोन पावलांवर सूनबाई मुलीस कपडे घालीत होत्या. मी बोललों नाहीं. पुढें त्यांनीं वा मुलानें मला एका शब्दानें दोष दिला नाहीं; तथापि तो ध्वज मला अजूनहि दिसतो.

आमच्या संस्कृत पाठशाळेंत शास्त्रीबुवा अनुपलब्धि हें प्रमाण शिकवीत. भाट्ट मीमांसक व अद्वैती यांस तें स्वतंत्र प्रमाण म्हणून मान्य आहे, नैयायिकांस नाहीं. पण एका गोष्टीवर सर्वांचें एकमत कीं, वस्तु दिसत नाहीं यावरून ती नाहीं असें तेव्हांच म्हणावें, जेव्हां ती असती तर दिसली असती. उजेडांत भुईवर घट दिसत नाहीं, तर घट नाहीं. अंधारांत दिसत नाहीं, तर कांहींच सिद्ध होत नाहीं. मोकळ्या वाटीचें शून्य हें उजेडांतलें, व गोठलेल्या वाटीचें शून्य हें अंधारांतलें. फलकावर दोहोंचें रूप एकच. पहांटेच्या त्या आडव्या रेघांनीं आम्हांस चार दिवस त्रास दिला, परंतु त्या निदान “मला ठाऊक नाहीं” असें ओरडून सांगत होत्या. शून्य मात्र कांहींच ओरडत नाहीं. तें इतर आंकड्यांच्या पंक्तीस सभ्यपणें बसून राहतें.

त्या दिवसानंतर आमच्या घरीं शून्याची उलटतपासणी सुरू झाली. सहा तासांहून अधिक वेळ वारा शून्यावर, किंवा दिशा एकाच अंशावर खिळलेली दिसली कीं प्रथम खिडकीबाहेर पाहावयाचें: ध्वज, धूर, झाडांचे शेंडे. ते हलत असतील तर वाट्या गोठल्या असें समजून विमानतळाचा आंकडा घ्यावयाचा. गोठलेल्या वाट्यांवर काठी मारूं नये, थंडींत प्लास्टिक कांचेसारखें तडकतें. कढत पाणी ओतूं नये, तें सांध्यांत उतरून पुन्हां गोठतें. ऊन येण्याची वाट पाहावी, अथवा केंस वाळविण्याच्या यंत्राची मंद ऊब दुरून द्यावी. कांहीं नव्या यंत्रांत वाट्या नसून ध्वनिलहरींनीं वारा मोजतात. त्यांत गोठण्यासारखा सांधा नाहीं हें खरें, पण लहरींच्या वाटेंत बर्फ बसलें म्हणजे तींहि भलतेच आंकडे दाखवितात.

तपमानाच्या संवेदकाची परीक्षा घरच्याघरीं होते. सुटा संवेदक पिशवींत गुंडाळून बारीक केलेला बर्फ व पाणी यांच्या काल्यांत बुडवावा. थोड्या वेळानें शून्य दाखविलें पाहिजे. येथें माझ्या मुलानें एक चूक केली. त्यानें अंगणांतलें कोरडें बर्फ भांडेंभर आणलें आणि यंत्र उणे १५ दाखवितें म्हणून चकित झाला. अंगणांतलें बर्फ अंगणाइतकेंच थंड असावयाचें. पाणी मिसळून दोन्ही एकत्र नांदूं लागलीं म्हणजेच शून्य. आर्द्रतेसाठीं मिठाचा उपाय आहे. वाटींत साधें मीठ ओल्या वाळूइतकें भिजवून, विरघळूं न देतां, संवेदकासह हवाबंद डब्यांत रात्रभर घरांत ठेवावें. सकाळीं ७५ टक्क्यांच्या आसपास आंकडा यावा. आमचा ७८ आला. तीन टक्क्यांसाठीं भांडण्यांत अर्थ नाहीं.

आपल्याकडे बर्फ नाहीं, तथापि नाशिक-पुण्याच्या बाजूस ज्यांनीं गच्चीवर अशीं यंत्रें बसविलीं आहेत त्यांस हा प्रकार निराळ्या रूपानें भेटेल. जुने होत आलेले सेल डिसेंबरांत पहांटे मान टाकतात. दंवानें आर्द्रता उन्हें येईपर्यंत ९९ वर राहते, यांत बिघाड कांहीं नाहीं. आणि पावसाळ्यांत नरसाळें पाल्यानें किंवा कोळ्याच्या जाळ्यानें बुजलें म्हणजे मुसळधार पावसांतहि फलकावर तेंच सभ्य शून्य!

विनिपेगच्या नरसाळ्यानेंहि शेवटीं एक चमत्कार दाखविला. नरसाळ्याखालीं दोन वाट्यांचा एक इवलासा झोपाळा असतो; ०.२ मिलिमीटर पाणी पडलें कीं तो एकदां कलतो. थंडींत बर्फ नरसाळ्यांतच साठून राहतें, झोपाळा हलत नाहीं, व यंत्र महिनेचे महिने पाऊस शून्य सांगतें. मार्चच्या अखेरीस एके निरभ्र दुपारीं, आकाशांत ढगाचा ठिपका नसतांना, फलकानें पाऊस ६ मिलिमीटर झाल्याचें जाहीर केलें. नातीनें त्या जानेवारीपासून एक वही ठेविली होती. तिनें खिडकीबाहेर पाहिलें, नरसाळ्यांतून ठिबकणारें पाणी पाहिलें, आणि त्या दिवसाच्या रकान्यांत पाऊस नाहीं असें लिहून पुढें बारीक अक्षरांत जोडलें: जुनें बर्फ.